गरोदरपणातलं व्हिटॅमिन डी आणि बाळाच्या फुप्फुसाच्या पेशी: या चुका टाळा, मी करून बसलोय

आईला व्हिटॅमिन डी कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या फुप्फुसाचं काय होतं, हा प्रोजेक्ट घेणारे खूप जण भेटतात. विषय भारी आहे, ऐकायलाही छान वाटतो. पण नवीन येणारे सगळे ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच घसरतात, मीही घसरलो होतो, म्हणून आठवेल तसं लिहून टाकतोय, क्रमाचं मनावर घेऊ नका.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "व्हिटॅमिन डी" नावाची एकच वस्तू आहे असं धरून चालणं. गोळीतून जातं ते डी३. लिव्हरमध्ये त्याचं २५-हायड्रॉक्सी होतं, रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतं ते हे, आणि ते शरीरात दोन-तीन आठवडे टिकतं. मग मुख्यतः किडनीत त्याचं १,२५-डायहायड्रॉक्सी होतं, पेशीतल्या रिसेप्टरला (त्याला ओळखून पेशीला कामाला लावणाऱ्या प्रोटीनला) जाऊन बसतं ते हे, आणि ते काही तासांतच संपतं. आता गंमत बघा, गरोदरपणात हे १,२५ आईच्या रक्तात आपोआप दुप्पट-तिप्पट होतं. त्यामुळे कमतरता शोधायला कोणी १,२५ मोजलं तर आकडा झकास येणार आणि खालचा साठा कधीच रिकामा झालेला असणार. वारेतून बाळाकडे जातं ते प्रामुख्याने २५ वालं, नाळेच्या रक्तात त्याची पातळी आईच्या साधारण ६० ते ८० टक्के सापडते. म्हणजे साठा बघायचा तर २५, आणि पेशीवरचा परिणाम बघायचा तर १,२५. श्वसनमार्गाच्या पेशी स्वतःसुद्धा २५ चं १,२५ करू शकतात हे विसरू नका, नाहीतर "आम्ही निष्क्रिय रूप टाकलं तरी परिणाम कसा काय आला" म्हणून आठवडाभर डोकं धरून बसाल.

युनिटचा घोळ तर विचारूच नका. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० आययू (गोळीवर छापलेलं आंतरराष्ट्रीय एकक), आणि १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे अंदाजे २.५ नॅनोमोल प्रति लिटर. एका पेपरमध्ये "३०" हा आकडा बरा असतो आणि दुसऱ्यात तोच "३०" म्हणजे सरळसरळ कमतरता, कारण तिथे युनिट वेगळं आहे. दोन पेपरचे आकडे एका तक्त्यात टाकण्याआधी युनिट डोळ्यांनी बघा, आठवणीवर विसंबू नका.

आता डोसबद्दल, इथे जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त वाट इथेच लागते. रक्तात १,२५ असतं पिकोग्रॅममध्ये, मोठ्या माणसात ५० पिकोग्रॅम प्रति मिली धरलं तर ते ०.१२ नॅनोमोलर होतं. आणि आपण पेशी वाढवायच्या प्लेटमध्ये काय टाकतो? १०० नॅनोमोलर, कारण आधीच्या पेपरमध्ये तसंच होतं, त्यांनीही त्यांच्या आधीच्यांचं बघून टाकलेलं असतं. म्हणजे जवळपास ८०० पट. गरोदरपणातली वाढ धरली तरी काहीशे पट राहतंच. शिवाय रक्तातलं बहुतेक व्हिटॅमिन डी बाइंडिंग प्रोटीनला चिकटलेलं असतं, मोकळं असतं ते एक टक्क्याहूनही कमी. मोठा डोस टाकूच नये असं नाही, रिसेप्टर काम करतोय का ते बघायला चालतो, पण त्यावरून "गरोदर आईने गोळी घेतली की बाळाच्या पेशी असं करतात" हे वाक्य लिहू नका. ०.१, १, १० आणि १०० अशी शिडी लावा, खालच्या पायरीवर काही दिसतंय का ते बघा, आणि दिसत नसेल तर तसं छापा.

परिणामच येत नसेल तर आधी कुठे बघायचं? सीवायपी२४ए१. हे एन्झाइम व्हिटॅमिन डी मोडून टाकतं, आणि रिसेप्टर काम करत असेल तर २४ तासांत त्याचं एमआरएनए (जीन चालू झालं की निघणारी त्याची प्रत) असं उसळतं की ते मोजणाऱ्या क्यूपीसीआर मशीनच्या स्क्रीनवर लांबूनही कळतं. ते हललं नाही तर पुढचं काहीही मोजत बसू नका. माझ्या बाबतीत तीन आठवडे ते हललं नाही. पेशी बदलल्या, प्रायमर बदलले, मशीनला शिव्या घालून झाल्या. शेवटी एका सिनिअरने फ्रीझरचं दार उघडून माझी ट्यूब वर धरली. पारदर्शक ट्यूब, वर मार्करने लिहिलेली तारीख अर्धी पुसलेली, आणि रोज काढून बेंचवर, बरोबर ट्यूबलाइटखाली ठेवायची माझी सवय. व्हिटॅमिन डी उजेडात आणि हवेत खराब होतं हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं, हाताला मात्र माहीत नव्हतं. त्यानंतर ब्राउन ट्यूब, छोटे छोटे भाग, एक भाग एकदाच वापरायचा आणि उरलेला टाकून द्यायचा.

त्याचाच भाऊ म्हणजे इथेनॉल. व्हिटॅमिन डी पाण्यात विरघळत नाही, ते इथेनॉलमध्ये असतं, मग कंट्रोल वेलमध्येही (प्लेटच्या ज्या खळग्यात व्हिटॅमिन डी टाकत नाही त्यातही) तेवढंच इथेनॉल गेलं पाहिजे, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी. नुसतं मीडियम, म्हणजे पेशींचं खाद्य, टाकून त्याला कंट्रोल म्हणणारे मी पाहिलेत. डोसची शिडी लावताना प्रत्येक पायरीला इथेनॉल सारखंच आहे ना हेही बघा, नाहीतर तुम्ही इथेनॉलची शिडी लावलेली असते.

आणि सिरम! मीडियममध्ये घालतात त्या गाईच्या भ्रूणाच्या सिरममध्ये आधीच व्हिटॅमिन डी असतं आणि बाइंडिंग प्रोटीनही असतं, म्हणजे तुमचा "शून्य डोस" शून्य नसतो. चारकोलने धुतलेलं सिरम घ्या म्हणतात, ठीक आहे, पण त्यात कॉर्टिसोलसारखी बाकीची हार्मोन्सही निघून जातात आणि फुप्फुसाच्या पेशींना तीच लागतात. मग कोणीतरी डेक्सामेथासोन (कॉर्टिसोलसारखं कृत्रिम औषध) घालतो, ते स्वतःच सर्फॅक्टंटची (वायुकोश मिटू न देणाऱ्या थराची) यंत्रणा चालू करतं, आणि व्हिटॅमिन डीचा वाटा किती हे कळायचा मार्गच बंद होतो. चारही गट ठेवा: काहीच नाही, फक्त डेक्सामेथासोन, फक्त व्हिटॅमिन डी, दोन्ही. कंटाळवाणं आहे, पण दुसरा इलाज नाही.

पेशी कुठली घेतली यावर तर वेगळा लेख होईल. ए५४९ नावाच्या पेशी सगळ्यांच्या फ्रीझरमध्ये असतात आणि टाइप २ (वायुकोशातल्या सर्फॅक्टंट बनवणाऱ्या) पेशी म्हणून बिनधास्त वापरल्या जातात. पण त्या १९७२ मध्ये ५८ वर्षांच्या एका पुरुषाच्या फुप्फुसाच्या ट्यूमरमधून काढलेल्या पेशी आहेत, पोटातल्या बाळाच्या नव्हेत. शिवाय फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा सीवायपी२४ए१ मुळातच चढलेलं असतं, म्हणजे तुम्ही टाकलेला डोस पेशी बसल्याबसल्या खाऊन टाकते. खऱ्या टाइप २ पेशी काढल्या तर त्या साध्या प्लास्टिकवर थोड्याच दिवसांत चपट्या होतात आणि टाइप १ (वायुकोशाच्या पातळ, चपट्या पेशी) सारख्या वागायला लागतात, म्हणून पहिल्या दिवसाचा आणि पाचव्या दिवसाचा निकाल एकत्र करू नका. सर्फॅक्टंट प्रोटीनही एकच मोजून थांबू नका, बी आणि सी पृष्ठताण कमी करायच्या कामाची, ए आणि डी रोगप्रतिकाराकडे जास्त झुकलेली, एक वर गेलं म्हणजे सगळं सर्फॅक्टंट वाढलं असं होत नाही. अजून एक, पोटातल्या बाळाच्या फुप्फुसाला ऑक्सिजन फार कमी मिळतो, इन्क्युबेटरमध्ये मात्र २० टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येकाकडे कमी ऑक्सिजनचा इन्क्युबेटर नसतो हे मान्य, पण निदान पेपरमध्ये कबूल करा.

वेळेची चूक माझ्या मते सगळ्यात कमी लक्षात येते. श्वासनळ्यांना फांद्या फुटतात त्या साधारण १७ व्या आठवड्यापर्यंत. सर्फॅक्टंट बनवणाऱ्या पेशी त्यानंतर, अंदाजे २४ व्या आठवड्यापासून कामाला लागतात, आणि खरे वायुकोश ३६ व्या आठवड्याच्या आसपास सुरू होऊन जन्मानंतर वर्षानुवर्षं वाढत राहतात. आता गरोदर बायकांना व्हिटॅमिन डी देऊन केलेल्या मोठ्या ट्रायल बघा. अमेरिकेतल्या व्हीडार्टमध्ये बायका १० ते १८ व्या आठवड्यात दाखल झाल्या, डेन्मार्कच्या कोपसॅकमध्ये डोस २४ व्या आठवड्यापासून. म्हणजे फांद्या फुटायचं काम बरंचसं किंवा पूर्ण उरकल्यावर गोळी सुरू झाली. "व्हिटॅमिन डीचा फुप्फुसाच्या वाढीवर परिणाम नाही" असं या ट्रायलवरून लिहिणारे हेच विसरतात. उंदीर वापरत असाल तर अजून सावध, त्याचं पिल्लू जन्मतं तेव्हा वायुकोश बनायचेच असतात, ते जन्मानंतर काही दिवसांनी सुरू होतात. माणसाचा "तिसरा तिमाही" उंदरात पिंजऱ्यात आईचं दूध पिताना चालू असतो म्हणा ना.

ट्रायलचे निकाल सांगतानाही दोन्ही बाजूंनी ताणतात. व्हीडार्टमध्ये रोज ४४०० आययू विरुद्ध ४०० आययू, तीन वर्षांपर्यंत दमा किंवा वारंवार घरघर २४.३ टक्के विरुद्ध ३०.४ टक्के, पी व्हॅल्यू ०.०५१, म्हणजे ०.०५ या नेहमीच्या रेषेच्या जरासंच बाहेर. कोणी म्हणतो सिद्ध झालं, कोणी म्हणतो फेल गेलं, २०१६ पासून हे चालूच आहे. कोपसॅकमध्येही फरक त्याच दिशेने पण ठोस नाही, दोन्हींचा डेटा एकत्र केला तेव्हा तीन वर्षांपर्यंतचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी दिसला. आणि मुलं सहा वर्षांची झाल्यावर दोन्हीकडे फरक गायब. यातलं एकच वाक्य उचलून इंट्रोडक्शनमध्ये टाकू नका, चारही टाका. तीन वर्षांच्या मुलाची घरघर म्हणजे दमाच असंही नसतं, बरीच मुलं त्यातून बाहेर येतात.

कोणी गरोदर बाई हे वाचत असेल तर एवढंच, प्लेटमधले डोस बघून स्वतःचा डोस ठरवू नका. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने गरोदरपणात रोज ६०० आययू सांगितलंय आणि वरची मर्यादा ४००० ठेवलीय, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. बाकी डॉक्टरांशी बोला.

शेवटची चूक हिशेबाची. एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत, डोस आईला दिलाय, नमुना एकच. प्लेटमधल्या तीन वेलचंही तेच. आमच्या एका पेपरमध्ये आलेखावर २४ ठिपके होते, सगळे खूश, मग रिव्ह्यूअरने एका ओळीत विचारलं की ही पिल्लं किती आयांची? मोजलं, तीन निघाल्या. नर-मादीही वेगळे केलेले नव्हते, नर पिल्लांचं सर्फॅक्टंट तसंही उशिरा येतं. परत उंदीर लावावे लागले.