फुप्फुसाचा कॅन्सर आणि रक्तातलं तांबं-जस्त: मोजण्याआधी काय सांभाळायचं

फुप्फुसाच्या कॅन्सरची खूण म्हणून रक्तातल्या तांबं-जस्ताचं गुणोत्तर तपासायचंय, ते काढून द्या, म्हणून कुणी नमुने घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न असतो: रक्त कुठल्या नळीत घेतलंत? मशीनचं नंतर बघू.

साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं. ट्रेस एलिमेंटसाठी (रक्तात अगदी अल्प प्रमाणात असणाऱ्या मूलद्रव्यांसाठी) गर्द निळ्या बुचाची नळी मिळते, तीच घ्या. पावडरचे ग्लोव्ह्ज नकोत. क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असेल तर स्टीलच्या सुईतूनही भेसळ होते; तेव्हा प्लॅस्टिकचा कॅन्युला (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावून सुरुवातीचं थोडं रक्त वेगळं काढा. कॅडमियम मुख्यतः तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे ते सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पेशीविरहित द्रवात) नाही, पूर्ण रक्तात मोजायचं.

सगळ्यांचं रक्त सकाळी, उपाशीपोटी घ्या. जेवणानंतर सीरममधलं जस्त खाली येतं. रुग्णांचे नमुने सकाळचे आणि निरोगी लोकांचे जेवणानंतरचे असतील, तर तुम्ही कॅन्सर नाही, जेवणाची वेळ मोजताय! सीरम गुलाबी दिसलं तर नमुना बाद. रक्तातलं बहुतेक जस्त तांबड्या पेशींत असतं, त्या फुटल्या की आकडा फुगतो.

तांबं-जस्तासोबत सेलेनियमही मोजत असाल तर त्याचा घोळ वेगळाच. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णाचा मेंदूचा एमआरआय अनेकदा होतो आणि त्यात गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट देतात. आयसीपी-एमएसमध्ये (मूलद्रव्यांचे आयन त्यांच्या वस्तुमान आणि भारावरून ओळखून मोजणाऱ्या मशीनमध्ये) गॅडोलिनियमचा दुहेरी भाराचा आयन नेमका सेलेनियमच्या 78 वस्तुमानावर येऊन बसतो आणि सेलेनियम खोटंच वाढलेलं दिसतं, तेही फक्त रुग्णांच्या गटात. म्हणून रक्त एमआरआयच्या आधी घ्या, नाहीतर मध्ये निदान 4 दिवस जाऊ द्या. हा रकाना फॉर्मवर हवाच. (बहुतेक फॉर्मवर नसतो.)

आता आकडे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तांबं वर आणि जस्त खाली, हे चित्र खरंच दिसतं. पण रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनावर असतं आणि कुठलाही दाह झाला की यकृत ते जास्त बनवतं. त्याच वेळी जस्त रक्तातून यकृतात ओढलं जातं. म्हणजे न्यूमोनिया, क्षय, संधिवात, सगळीकडे गुणोत्तर चढणारच. म्हणून प्रत्येक नमुन्यासोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी) करा आणि तुलनेला नुसते धडधाकट लोक घेऊ नका. सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचे), छातीच्या संसर्गाचे रुग्णही घ्या. त्यांच्यापासून कॅन्सर वेगळा ओळखता आला तरच मार्करची, म्हणजे रोगाच्या खुणेची, भाषा करा. इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि गरोदरपण यांनी तांबं वाढतं, ते नोंदवा. धूम्रपानाने कॅडमियम वाढतं, तेव्हा दोन्ही गटांत सिगारेटचा हिशेब सारखा ठेवा.

काही वाचक स्वतःचा रिपोर्ट हातात घेऊन हे वाचत असतील. गुणोत्तर वाढलंय म्हणून कॅन्सर आहे असं नाही, आणि ते नॉर्मल आहे म्हणून खोकल्यातून पडणारं रक्त दुर्लक्षून चालणार नाही. कॅन्सर टळावा म्हणून सेलेनियमच्या गोळ्याही सुरू करू नका: 2009 मध्ये निकाल आलेल्या सेलेक्ट चाचणीत 35 हजारांहून अधिक पुरुष होते, रोज 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम घेणाऱ्यांतही फुप्फुसाचा कॅन्सर कमी झाला नाही. वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढली असेल तर डॉक्टरांना लो-डोस सीटीबद्दल (कमी किरणोत्सर्गात छातीचा स्कॅन) विचारा. 2011 च्या मोठ्या अमेरिकन चाचणीत छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत त्याने फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटवले होते.