मोबाइलच्या गडबडीत सकाळची प्रार्थना कशी टिकवावी

रात्रीच मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, उशाशी साधं गजराचं घड्याळ ठेवा. वाचायला छापील बायबलच घ्या. अ‍ॅप उघडलं की वर व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज झळकतो आणि मन तिकडे धावतं.

सुरुवातीला 15 मिनिटं पुरेत. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनावरचं एक पुस्तक, घ्या. त्याचे अध्याय 16च, तरी रोज अख्खा अध्याय नको. 10-12 वचनं, एकदा मनात, एकदा मोठ्याने. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून सलग वाचायला निघालेले बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या यज्ञविधींत अडकतात. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, त्यानेच नेम मोडतो.

शेजारी कागद-पेन्सिल हवीच. ‘सिलिंडर’, ‘शाळेची फी’ असं काही आठवलं की तेवढंच टिपा आणि परत वचनाकडे या. विचार दाबत बसलात तर तोच घोळत राहतो. फीची काळजी खरोखरच पोखरत असेल तर तीच देवापुढे मांडा. तो व्यत्यय नव्हेच.

सकाळी वाचलेल्यातलं एक वचन चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पिशवीत टाका, दुपारी जेवणाच्या प्रार्थनेआधी वाचा. रविवारी चर्चमध्ये मात्र मोबाइल सायलेंटवर नको, बंदच करा. खिशात नुसता थरथरला तरी निम्मा उपदेश डोक्यावरून जातो.