रात्री बाराला गोल्फ लावायचं तर

बाबा येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर ३० वर्षं कॅडी होते, म्हणजे खेळाडूची बॅग वाहायची आणि कुठली काठी घ्यावी ते सुचवायचं. आता गुडघे गेलेत, पण एप्रिल आला की अमेरिकेत ऑगस्टाला होणारी मास्टर्स ही मोठी गोल्फ स्पर्धा लावून द्यायचं काम माझ्याकडे. गल्लीतलं कोणी ना कोणी दरवर्षी विचारतं, ‘हे गोल्फ लाइव्ह बघता कुठे?’ म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी घड्याळ बघा. एप्रिलमध्ये ऑगस्टा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथे रविवारी दुपारी अडीचच्या सुमाराला शेवटची जोडी उतरते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र, आणि निकाल सोमवारी पहाटे. २०२५ला रॉरी मॅकिलरॉयने जस्टिन रोझला प्लेऑफमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा होलवर) हरवलं तेव्हा इथे १४ एप्रिल उजाडायला आला होता. आंबेडकर जयंतीची सुट्टी होती म्हणून निभावलं. सकाळी कामावर जायचं असेल तर जुलैतली ब्रिटनची ‘द ओपन’ धरा. फरक साडेचार तासांचा, जेवणं उरकून बसलात तरी शेवटचे होल सापडतात. दुबईतली स्पर्धा तर दीडच तास मागे, दिवेलागणीला संपतेसुद्धा.

आता कुठे बघायचं. मागच्या वर्षी ज्या अ‍ॅपवर दिसलं त्याचेच पैसे भरून लोक फसतात. मास्टर्स, ओपन, अमेरिकेची पीजीए टूर, युरोपची डीपी वर्ल्ड टूर, प्रत्येकाचे हक्क वेगळे विकले जातात आणि दाखवणारे बदलत राहतात. स्पर्धेच्या आठवड्यात सोमवारी तिच्या अधिकृत साइटवर भारतात कोण दाखवणार ते वाचायचं, मग पाकीट काढायचं. एका स्पर्धेपुरता किंवा महिन्याचा पास असेल तर तोच घ्या आणि ऑटो-पे त्याच रात्री बंद करा. फुकटच्या लिंकांच्या नादी मी एकदा लागलो होतो. एपीके (अ‍ॅपची फाइल) उतरवलं तर त्याने पहिल्यांदा एसएमएस वाचायची परवानगी मागितली. गोल्फ बघायला माझा ओटीपी कशाला हवा?

मास्टर्सचं स्वतःचं अ‍ॅप मात्र ठेवाच. प्रत्येक खेळाडूचा जवळपास प्रत्येक फटका थोड्या वेळाने त्यावर येतो. डुलकी लागली तरी सकाळी दात घासता घासता एकाच खेळाडूची अख्खी फेरी बघून होते.

क्रिकेट कमी क्वालिटीत चालतं, गोल्फ चालत नाही. पांढरा चेंडू फिक्या आभाळात गेला की २४० पीमध्ये तो दिसतच नाही, नुसतं आभाळ बघत बसायचं. किमान ७२० पी हवं, आणि त्याला तासाला दीडेक जीबी लागतो. म्हणजे रोजचा दीड जीबीचा पॅक नऊ होल, म्हणजे अर्धी फेरी, संपायच्या आत गार. शेजारच्याचं का होईना, वाय-फाय बघा. टीव्हीला कास्ट करताना अडकायला लागलं तर फोन सरळ एचडीएमआयच्या वायरने जोडा, पण तुमच्या फोनला ते जमतं का हे आधी बघून घ्या. आमच्या जुन्याला जमत नव्हतं.

आणि लीडरबोर्ड बंद ठेवा. चित्र आपल्यापर्यंत उशिरा पोचतं, आकडा आधी. खेळाडू अजून चेंडूपाशी वाकलेला असतो आणि फोनवर बर्डी (ठरल्यापेक्षा एक फटका कमी) लागलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुपही पहाटेपर्यंत म्यूट.

शेवटचं बाबांचं म्हणणं, आणि ते मला पटलंय. मुख्य प्रक्षेपण या होलवरून त्या होलवर उड्या मारतं. पट (चेंडू होलमध्ये ढकलायचा फटका), पट, जाहिरात, पट. ‘फीचर्ड ग्रुप’ ही फीड मिळत असेल तर ती लावा. त्यात कॅमेरा एकाच गटाबरोबर चालतो आणि खेळाडू-कॅडीची कुजबुज ऐकू येते. बाबांना इंग्रजी फारसं कळत नाही, पण आकडे कळतात. ऑगस्टाचा बारावा होल १५५ यार्डांचा, पुढ्यात ओढा. एका रात्री कॅडी अंतर सांगत होता आणि बाबा पडद्याजवळ खुर्ची ओढून बसले.

‘वरची झाडं हलतायत, खाली झेंडा गप आहे. आठ नंबर दे रे त्याला.’

खेळाडूने नऊ नंबर काढला, आठपेक्षा कमी लांब मारणारी काठी. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.