पन्नाशी-साठीत सर्फबोर्ड निवडताना या चुका टाळा

सोलापूरहून कुठल्याही किनाऱ्याला निघा, रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाचा सर्फबोर्ड किनाऱ्यावर ठरत नाही, जुळे सोलापुरात सोफ्यावर बसून मोबाईलवर ठरतो. सुट्टीत गोव्याला किंवा कर्नाटकच्या किनाऱ्यावर मुल्कीला दोन दिवस शिकून आलेलं असतं, फेसाळ लाटेवर चार-सहा सेकंद उभं राहता आलेलं असतं, आणि परतीच्या वाटेवरच मनात येतं की आता स्वतःचा बोर्ड हवा. हौसेत काही वाईट नाही. पण पन्नाशीनंतर बोर्डाचं माप चुकलं की त्याचे पैसे खांदा भरतो आणि वसुली कंबर करते.

पंचविशीच्या पोराला चुकीचा बोर्ड दिला तरी तो ताकदीवर निभावून नेतो. आपल्याला ती सोय नाही. म्हणून बोर्ड निवडताना पहिल्या लाटेच्या वेळचं ताजंतवानं शरीर डोळ्यांपुढे ठेवू नका. बोर्डावर पालथं झोपून तासभर हात मारून झाल्यावर, दम लागलेला असताना जे शरीर पाण्यात उरतं, त्याच्या मापाचा बोर्ड घ्या. पुढच्या बहुतेक चुका ही एक गोष्ट विसरल्यामुळे होतात.

भाच्याचा बोर्ड काकांना

"काका, नवा कशाला घेता? माझाच न्या की," हे वाक्य फार महागात पडतं. समजा काकांचं वजन ८४ किलो, वय ६१. भाच्याचा बोर्ड सव्वासहा फुटांचा, ३८ लिटरचा, दिसायला देखणा. बोर्डाच्या खालच्या बाजूला लांबी, रुंदी, जाडीच्या आकड्यांशेजारी बऱ्याचदा हे लिटर लिहिलेले असतात. लिटर म्हणजे बोर्डाचं एकूण घनफळ, म्हणजे तो पूर्ण बुडाला तर किती पाणी बाजूला सारेल तो आकडा.

आता शाळेतला आर्किमिडीज आठवा. काका ८४ किलो, बोर्ड साधारण ३ किलो, एकूण ८७. समुद्राचं पाणी लिटरला साधारण १.०२५ किलो भरतं. म्हणजे तरंगायला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला सारावं लागणार. त्यातले ३८ लिटर बोर्डाने सारले. उरलेले ४७ लिटर कुठून येणार? काकांच्या अंगातून. छाती, पोट, मांड्या मिळून जवळपास तीन बादल्या भरतील एवढं शरीर पाण्याखाली राहणार, आणि तेवढं ओढत काकांनी लाट पकडायची. हात कितीही मारले तरी लाट खालून निघून जाते. मग काका म्हणतात, "आता वय झालं." वय झालेलं नसतं, ४७ लिटर कमी पडलेले असतात.

हेच काका ८ फुटी, ८६ लिटरच्या सॉफ्ट-टॉपवर, म्हणजे वरून मऊ फोम असलेल्या बोर्डावर झोपले, तर हिशेब जवळजवळ जुळतो. बोर्ड आपल्या घनफळावरच त्यांना पेलतो, अंग बहुतेक पाण्याच्या वर राहतं, आणि मारलेला प्रत्येक हात पुढे जाण्यात खर्च होतो. शिकणाऱ्याने वजनाइतके लिटर घ्यावेत हा जो ढोबळ नियम सगळीकडे सांगतात, त्याच्यामागे एवढंच गणित आहे. न फुटलेल्या लाटेवर तिरकं जाता यायला लागलं, की वजनाच्या ०.६ ते ०.७ पटीपर्यंत खाली यायला हरकत नाही. तरुण, सराईत सर्फर ०.४ च्या आसपासही खेळतात. तो आकडा आपल्यासाठी नाही.

वजन जुनं, आकडा नवा

किती लिटरचा बोर्ड हवा ते सांगणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर वजन विचारतो आणि आपण नोकरीत असतानाचं वजन टाकतो. सहा किलोंचा फरक म्हणजे शिकाऊ माणसासाठी सरळ सहा लिटर. काट्यावर उभे राहा, मगच आकडा भरा.

काही कॅल्क्युलेटर वयही विचारतात आणि पन्नाशीनंतर थोडे लिटर वाढवून देतात. सुरुवातीला ठीक आहे, पण त्यावर विसंबू नका. रोज पहाटे तलावात तासभर पोहणारा ६५ वर्षांचा माणूस आणि खांदा आखडलेला ५२ वर्षांचा माणूस यांच्यात पहिल्याला कमी लिटर पुरतील. तुमचा सगळ्यात कमजोर सांधा कुठला, हा प्रश्न वयापेक्षा कामाचा. खांदा असेल तर हात मारणं सोपं करणारी लांबी हवी. गुडघा किंवा खुबा असेल तर उठताना डुगडुगू नये म्हणून रुंदी हवी. मान किंवा कंबर असेल तर छातीखाली जाडी हवी, कारण बोर्ड पाण्यात खोल बसला की समोर बघायला मान जास्त वर करावी लागते आणि दुसऱ्या दिवशी ती वळत नाही.

लिटर सारखे, बोर्ड वेगळे

दोन बोर्डांवर ६० लिटर लिहिलंय म्हणजे दोन्ही सारखे, असं नसतं. एक ७ फुटी, जाडजूड आणि टोकाकडे जास्त वळलेला. दुसरा ८ फुटी, पातळ आणि तळाला जवळपास सपाट. या वळणाला रॉकर म्हणतात. रॉकर कमी असेल तर बोर्ड पाण्यावरून सरकतो आणि लाट लवकर पकडतो. जास्त असेल तर खड्या लाटेत नोज, म्हणजे बोर्डाचं पुढचं टोक, बुडत नाही, पण हात मारताना बोर्ड पाणी ढकलत बसतो. आपल्याकडच्या शिकाऊ किनाऱ्यांवर लाटा बहुतेक वेळा मऊ असतात, तिथे सपाट तळ फायद्याचा.

दुकानदार किंवा जुना बोर्ड विकणारा "लिटर भरपूर आहेत" एवढंच सांगत असेल, तर ते लिटर कुठे आहेत ते विचारा. बोर्ड आडवा धरून बाजूने बघा. छातीखालची जाडी आणि कडांची जाडी दोन्ही हाताने चाचपा. लिटर सगळे मागे असतील आणि नोज निमुळतं असेल, तर झोपल्यावर पुढचा भाग खाली जाईल.

उलटी चूक: जितका मोठा तितका बरा

हे सगळं वाचून कोणी थेट साडेनऊ फुटी फायबरग्लासचा लाँगबोर्ड मागवेल, तर थांबा. तरंगणं हा अर्धा हिशेब. बोर्ड गाडीपासून पाण्यापर्यंत उचलून न्यायचा असतो, आणि पडल्यावर तोच अंगावर येतो.

पाच फूट उंचीच्या बाईंना २३ इंच रुंदीचा बोर्ड काखेत धरताच येत नाही, बोटं खालच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. अशा वेळी तो डोक्यावर न्यायचा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, किनाऱ्यावर लाँगबोर्डवाले तसेच नेतात. पण पाण्यातली अडचण तशी सुटत नाही. रुंद आणि जाड बोर्डावर आखूड हात कडेवरून बाहेर फेकून मारावे लागतात आणि खांद्याचा सांधा वाकड्या कोनात काम करतो. बोर्ड मोठा घेतला, तरी खांदा दुखतोय, अशी तक्रार असेल तर कारण बहुधा हेच. उंची कमी असेल तर २२ इंचांच्या आसपास थांबा आणि हवे ते लिटर लांबीतून मिळवा.

दुसरं म्हणजे एवढा मोठा बोर्ड लाटेखाली दाबून पलीकडे नेता येत नाही. लाट अंगावर आली की बोर्ड घट्ट धरून कुशीवर पलटायचं, बोर्ड वर आणि आपण खाली, आणि लाट गेली की परत पलटायचं. हे जमत नाही तोवर कंबरभर पाण्यापलीकडे जाऊ नका. पहिले काही महिने तरी सॉफ्ट-टॉपच बरा, म्हणजे तो डोक्यात बसला तर बहुधा टेंगळावर निभावेल, टाके पडायची भीती कमी.

बोर्डाचा दोष की झोपण्याचा?

बदलून घेण्याआधी एवढं तपासा. नोज बुडून तोंडावर पडत असाल तर आधी दोन इंच मागे सरका. झोपल्यावर नोज पाण्याच्या जरासं वर दिसलं पाहिजे. उलट नोज आकाशाकडे असेल आणि बोर्ड पुढे जात नसेल तर तुम्ही फार मागे आहात. जागा बरोबर असूनही लाट निसटतेय, तर मात्र लिटर किंवा लांबी कमी आहे.

झोपल्याझोपल्याच बोर्ड डावी-उजवीकडे कलत असेल तर रुंदी कमी आहे, किंवा लिटर इतके जास्त आहेत की बोर्ड बुचासारखा पाण्यावर उड्या मारतोय. हलक्या माणसाला मोठा फोम बोर्ड दिला की हे नेहमी होतं.

उठताना दर वेळी गुडघा टेकत असेल तर त्यात बोर्डाचा दोष क्वचित असतो. खुब्याचे सांधे आखडलेले असतात. त्यावर उपाय घरातच आहे. फरशीवर सोलापुरी चादर दुहेरी घालून, तळवे फासळ्यांशेजारी टेकवून, रोज थोडा वेळ उठण्याचा सराव करा. जाड गादीवर नको, हात रुततात आणि सवय चुकीची लागते. चादर सरकायला लागली की समजा, जोर पुढे ढकलला जातोय, सरळ खाली नाही. रक्तदाब, हृदय किंवा पाठीची जुनी तक्रार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, बोर्डाची चौकशी नंतर.

तलावातली परीक्षा

काही जण नवा बोर्ड पोहण्याच्या तलावात किंवा उजनीच्या पाण्यात घालून बघतात आणि "मस्त तरंगतो" म्हणून खूश होतात. संथ पाण्यात झोपता येतं की नाही एवढंच त्यातून कळतं. गोड पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, म्हणजे तिथे बोर्ड थोडा खोलच बसतो, हा भाग किरकोळ. खरी गोष्ट अशी की तिथे लाट नाही, आणि बोर्डाची परीक्षा लाटच घेते. हात मारायचा सराव मात्र तिथे उत्तम होतो, लाइफ जॅकेट घालून आणि सोबत कोणी असेल तरच.

निवड करायची तर भाड्याच्या बोर्डांवर करा. मुल्कीत २००४ पासून सर्फ क्लब आहे, गोव्यातही सर्फिंग शाळा आहेत. एकाच सुट्टीत सकाळी ९ फुटी आणि दुसऱ्या दिवशी ८ फुटी घ्या, आणि प्रत्येकावर तासाभरानंतर किती लाटा मिळाल्या ते लक्षात ठेवा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात समुद्र शिकाऊंसाठी नसतोच, तेव्हा जूनमध्ये "ऑफर आहे" म्हणून बोर्ड घेतलात तर तो दसऱ्यापर्यंत माळ्यावर राहणार. पुढे लहान बोर्डावर यायचं झालं तर एका वेळी पाच-आठ लिटरच कमी करा.

आणि आपलं ऊन

ही चूक किनाऱ्यावरचे लोक सांगणार नाहीत, कारण त्यांच्याकडे सोलापूरचा एप्रिल नसतो. बंद गाडीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बोर्ड ठेवला की आतल्या फोममधली हवा फुगते, वरचा थर सुटतो आणि फुगा येतो. त्याला दुरुस्ती अशी नाही, जोडून घेतलं तरी पूर्वीसारखं होत नाही. पाय घसरू नयेत म्हणून बोर्डावर घासलेलं मेण तर वितळून सीटवर सांडतं. बोर्ड घरात, आडवा, भिंतीच्या थंड बाजूला ठेवा. गाडीवर बांधताना तळ वर, फिन (तळाला मागच्या टोकाशी असतात ते पंख) पुढच्या बाजूला, आणि पट्टे कसून नकोत, हाताने हलवला तर बोर्ड हलू नये इतपतच. मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरकडे निघायचं असेल तर पहाटे चारला निघा आणि जेवायला थांबाल तिथे गाडी सावलीतच लावा.

सोबत लीशही, म्हणजे बोर्ड पायाशी बांधून ठेवणारी दोरी, बोर्डाच्या मापाची घ्या, ८ फुटीला ८ फुटांची. घोट्याऐवजी गुडघ्याखाली पोटरीला बांधायची मिळते, ती घेतली तर उठताना पायात अडकत नाही आणि बांधायला फार वाकावंही लागत नाही.