महाडीबीटीचा अर्ज नंतर, आधी आधार सीडिंग

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवर, मीच भरला. मंजूरही झाला. पैसे मात्र आले नाहीत, आणि फीचा पुढचा हप्ता बाबांनी उसनवारी करून भरला. म्हणून यंदा पोर्टल उघडायच्या आधी एकच काम: तिचं आधार बँक खात्याला सीड आहे का, ते बघायचं.

लिंक नव्हे, सीड. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे झालं, असं मी धरून चाललो. तसं नसतं. एनपीसीआयच्या, म्हणजे बँकांमधले पेमेंट चालवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, नोंदीत आधार ज्या खात्याशी जोडलेलं असतं, पैसे तिथेच जातात. तिचं जोडलेलं होतं आठवीत शाळेसाठी काढलेल्या खात्याला. ते केव्हाच बंद पडलेलं. पासबुकात शेवटची नोंद 47 रुपयांची. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर ओटीपी टाकला की बँकेचं नाव दिसतं. चुकीचं दिसलं तर शाखेत सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या, आणि काही दिवसांनी पुन्हा स्वतः तपासा. काउंटरवरच्या ‘झालंय’वर विसंबू नका. खातं विद्यार्थ्याचंच हवं, वडिलांचं नको.

आता कागद. मार्कशीट वगैरे सांगायला नको. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, पगाराची स्लिप चालत नाही. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, एससीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. आपली योजना कोणती ते आधी नीट वाचा. दाखल्याचं काम निकालाची वाट न बघता उरका, नंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. अधिवास, रेशनकार्ड, कॅपचं (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं) अलॉटमेंट लेटर, फीची पावती. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. ओबीसी असाल तर नॉन-क्रीमी लेयर, तोही मुदतीतला. स्कॅन सरळ आणि वाचता येईल असे करा, मोबाइलवर तिरके काढलेले फोटो परत येतात.

आणि सीडिंग? बघितलंत का? आत्ता बघा.

अर्ज भरला की कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात प्रिंट द्या. दर आठवड्याला लॉगिन करा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला असेल तर लगेच दुरुस्त करा. पुढच्या वर्षी नूतनीकरण. मध्ये कुठे नवीन खातं काढलं असेल तर सीडिंग तिकडे सरकलेलं असू शकतं, तेव्हा पैसे पडायच्या आधी पुन्हा एकदा तपासा.