धंदा बसला, आता काँट्रॅक्टवर काम कसं धरायचं

नागपूरच्या इतवारीतलं दुकान असो की हिंगणा एमआयडीसीतलं युनिट, बंद केलं की पहिले जीएसटी नंबर बघा भाऊ. रेग्युलर नंबर असेल तर पोर्टलवर कॅन्सल करा आणि त्यानंतर 3 महिन्यांत जीएसटीआर-10, म्हणजे शेवटचा जीएसटी रिटर्न, भरा, नाहीतर लेट फी मागे लागते.

आता खरं महत्त्वाचं, जे बरेच जण सोडून देतात. तोटाच झाला मग इन्कम टॅक्स रिटर्न कशाला, असं म्हणून बसू नका, कारण मुदतीत रिटर्न भरला तरच धंद्याचा तोटा 8 वर्षं पुढे नेता येतो. नोकरी धरली तर तो पगारातून वजा होत नाही, पण काँट्रॅक्टची फी व्यवसायाची कमाई धरली जाते म्हणून तिच्यातून होतो. सीएला हे नक्की विचाराच.

काम शोधायला आधी ज्यांना माल देत होता त्यांनाच फोन लावा, लाजू नका, धंदा बसला म्हणून तुमचं ज्ञान कुठं गेलं नाही. नुसतं 'काही काम असेल तर सांगा' म्हटलं की कोणी सांगत नाही. बुटीबोरीतल्या स्टोअर मॅनेजरला सरळ म्हणा, 'साहेब, महिनाअखेरचा स्टॉक मी जुळवून देतो, 3 महिने, महिन्याचे इतके.'

रेट अन् पेमेंटची तारीख लेखीच घ्या. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, ते काम सुरू करायच्या आधीच करा, मग लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या वर पेमेंट लटकवता येत नाही, करार नसेल तर 15 दिवस.