मातीत काम करताना खरचटलं? बॉलपेन घ्या

कुंड्यांची माती बदलताना काटा लागतोच, मग दुसऱ्या दिवशी लाल झालं की वाढतंय का आहे तेवढंच आहे हेच कळत नाही. आमच्या वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या गच्चीवर मी आता असं करते.

१. लगेच नळाखाली साबणाने ५ मिनिटं धुवायचं, माती पूर्ण निघेपर्यंत, हळद-बिळद भरायची नाही.

२. लाल झालंच तर कडेकडेने बॉलपेनने रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची (घरचे हसतात, हसू दे), लाली रेघेबाहेर गेली की सरळ डॉक्टर.

पण ताप आला, जखमेच्या मानाने जास्तच ठणकलं किंवा डायबिटीस असेल तर रेघेची वाट बघू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ५ वर्षं झाली असतील तर तेही विचारा.